फोटोतला धूर

हा डावीकडून चौथा.
टोपी दोन मापं मोठी, आणि टोपीखाली
हसू दाबून धरलेलं तोंड.
हे माझे वडील. नोर्ग्ये.
तुमच्या पाटीवर नाव नाही त्यांचं.
पाटीवर आहे: ल्हासा, तोफेचं प्रात्यक्षिक,
आणि साल, तेही पेन्सिलीनं,
शेजारी प्रश्नचिन्ह.

भिंग नको, दिसतंय मला.
डाव्या बुटावर धागा आहे बघा बारीक, पांढरा.
आईनं कातलेली लोकर ती.
लेफ्ट म्हणजे लोकर, राइट म्हणजे काही नाही,
एवढंच इंग्रजी त्यांना जन्मभर पुरलं.
परक्या भाषेतले हुकूम यायचे
आणि शंभर माणसं लोकरीकडे बघून वळायची.
एकदा धागा तुटला
तर हे एकटेच भलतीकडे चालत गेले
ताठ मानेनं, बंदूक खांद्याला,
थेट नदीपर्यंत.
हे ते वाढवूनच सांगायचे. नदी बरीच लांब होती.

तोफ मधोमध.
सुटी होऊन आलेली, डोंगर ओलांडून,
नळी एका खेचरावर, चाकं दुसऱ्यावर.
तिसरं खेचर खिंडीत घसरलं.
त्याच्या पाठीवर काय होतं
ते शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही,
म्हणून तोफेत काही बिघडलं की सगळे म्हणायचे,
ते खाली दरीत आहे.

त्या दिवशी मैदानात तंबू,
पिवळ्या रेशमातले अधिकारी, कानात लांब फिरोजा,
लोण्याचा चहा, बश्यांत सुके जर्दाळू.
समोरच्या उतारावर चुना फासलेला एक दगड.
तो शत्रू.
पहिला गोळा शत्रूच्या डोक्यावरून गेला.
दुसरा अलीकडेच धुळीत बसला.
तिसऱ्यानंही दगडाला धक्का लागला नाही,
पलीकडचे याक मात्र उधळले,
ते गोळा करायला दोन दिवस लागले.
आणि फोटोवाला साहेब नेमका तेव्हा काच बदलत होता.
त्यानं एक बोट वर केलं:
पुन्हा एकदा.

रुपोन थोंद्रुपनं कोठाराची वही उघडली, मिटली.
अकरा गोळे उरलेले.
सरहद्द घोड्यावरून महिनाभराची.
मग तो खेचरवाल्या वांगदूच्या कानात
काहीतरी पुटपुटला.

आमच्याकडे सकाळी छपरावर धुपीच्या फांद्या जाळतात,
ओल्याच, म्हणजे धूर दाट होतो,
देवांपर्यंत जातो.
त्याच फांद्या. तोफेच्या चाकामागे.
इथे बघा, इथे, चाकाच्या आऱ्यांमधून
दोन तळवे दिसतात, एका बुटाला भोक.
पालथा पडून फुंकर घालतोय वांगदू
आणि साऱ्या पलटणीच्या नाकात
आपापल्या घरची सकाळ शिरलेली.
मग हसू नाही येणार?
कुणी हललं नाही, एवढी शिस्त मात्र होती.

तेव्हा तुमच्या यादीत दुरुस्ती करा.
हा दारूचा धूर नव्हे.

ते अकरा गोळे पुढे कुठे उडाले
असं मी एकदाच विचारलं.
वडील चहात सातू कालवत बसले,
पार कोरडा गोळा होईपर्यंत,
आणि तो गोळा तसाच वाटीत ठेवून उठले.
इथे कालिम्पोंगला लोकरीच्या गोदामात होते,
दहाव्या मैलावर, एकवीस वर्षं.
ढिगातून पांढरी निराळी काढायची, काळी निराळी.
जिना उतरताना पहिला पाय नेहमी डावा.

चहा घ्या, निवला.
फोटो तुमचा तुम्ही न्या, मला नको.
आणि नाव लिहायचंच झालं
तर वडिलांचं राहू दे, ते दिसतात तरी.
वांगदूचं लिहा, तळव्यांच्या खाली.
कुठल्या गावचा होता, कुणास ठाऊक.