फाटक

ॲबरिस्टविथला आमच्या वसतिगृहाचं इंटरनेट
साय काढलेल्या दुधासारखं यायचं.
व्हिडिओ कॉल बंद, हे बंद, ते बंद.
नियम बारा पानी. पहिल्याच आठवड्यात
सही केली होती मी, न वाचता.
पेन दुसऱ्याचं होतं, मागे रांग होती
(हेही पुढे कारण म्हणून सांगून पाहिलं).

नोव्हेंबरात बोगदा खणला.
प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना कंप्युटर,
धूळसुद्धा कुणी पुसत नसे त्याची.
त्यातून बाहेर, आणि बाहेरून कुठेही.
आईशी बोलायला, असं मी मला सांगितलं.
आईशी बोललो चारदा.
बाकी क्रिकेट.

शेजारच्या टेस्फालेमने अर्ज केला होता,
नऊ दिवस थांबून परवानगी मिळवली होती
दर रविवारी अर्ध्या तासाची.
मला त्याची थोडी कीव यायची.

पासवर्ड मी फक्त किअरनला दिला. मित्र म्हणून.
त्याने कुणाला, त्या कुणी कुणाला,
आणि कुणी काय काय ओढून आणलं त्या वाटेने,
माहीत नाही.
एका रविवारी दुपारी अख्खा मजला तोडला.

टेस्फालेम पॅसेजमध्ये, खिडकीच्या काचेला फोन टेकवून.
तिकडे केरेनमध्ये त्याची आई
दुकानातल्या स्टुलावर बसलेली,
दुकान नऊला बंद होणार.
मी काही बोललो नाही.
चहा घेणार का, विचारलं.

सोमवारी एलेरी प्यूंकडे जाऊन सगळं सांगितलं.
नेटवर्क सांभाळायच्या त्या; बुटांना शेतातला चिखल.
ओरडतील वाटलं होतं.
म्हणाल्या, आमच्या कुरणातून गावाची पायवाट जाते,
शेकडो वर्षं. अडवता येत नाही,
अडवावीशी वाटतही नाही.
फक्त मेंढ्या रस्त्यावर आल्या की
गाडीखाली मेंढी जाते, चालणारा नाही.
मग एक फॉर्म पुढे सरकवला. दंड साठ पौंड.

तो नियम मूर्खपणाचा होता, मी आजही म्हणतो.
आज बोगदा खणीन का? कदाचित.
पण टेकडीवर फिरायला जातो तेव्हा
प्रत्येक फाटकाची कडी
लावल्यावर एकदा ओढून बघतो.

टेस्फालेमला सांगितलं फेब्रुवारीत.
भांडी घासत होता.
ऐकलं असावं त्याने.
नळ मात्र बंद केला नाही.