एकशे एक्केचाळीस ते एकशे अडुसष्ट

गिरणीचा पट्टा तुटला. मिस्त्री तिरोड्याहून येईतो
काम नाही. मग कोंड्याच्या पोत्यांवर बसून
आम्ही पुन्हा तेच उकरलं :
टिटवी खाली उतरली, ते बरं झालं की वाटोळं?

टिटवी म्हणजे पाखरू नव्हे. यान.
महिन्याला एक पुस्तक, शर्टाच्या खिशात मावणारं,
वर जांभळं आभाळ, आत पिवळा कागद,
असे तीनशे नऊ अंक. पहिले एकशे चाळीस
ती नुसती उडत होती, या सूर्याकडून त्या सूर्याकडे,
पुढे कप्तान अरुंधती, मागे धूमकेतूंवरचे दरोडेखोर.
मग लेखक बदलला. एकशे एक्केचाळिसाव्यात
इंजिन थंड पडलं, एका बिननावाच्या ग्रहावर
सगळे उतरले, आणि अठ्ठावीस महिने
कोणी कुठे गेलंच नाही.

"अठ्ठावीस महिने गा!" डेलीराम बोपचे
अजूनही पोत्यावर बुक्की मारतो. कोंडा उडतो.
"दोन रुपये देऊन मी काय वाचू? अरुंधती विहीर खंदते?
अख्खा एक अंक तिच्या दोराले गाठ बसत नाही!
विहीर तं माह्या घरी बी हाय."

होमराज उईके, पोस्टमन,
सायकल धरून उभ्याउभ्याच :
"टिटवी अंडी कुठं घालते, सांग? झाडावर?
ढेकळात घालते. मंग?"
आणि स्वतःवरच खूश होऊन घंटी वाजवतो.

मी हिशेबाच्या वहीमागे गप्प.
खरं म्हणजे मी ते अंक सरळ वाचलेच नाहीत.
त्या सालांत छोटी लाईन उखडत होते,
गठ्ठा कधी गोंदियात अडकायचा,
कधी ट्रकच्या टपावर भिजत यायचा.
मी पन्नासावा आधी वाचला, त्रेचाळिसावा नंतर,
म्हणून माझ्या टिटवीत मेलेला स्वयंपाकी
परत येऊन चुलीजवळ बसतो, मीठ मागतो.
कितीतरी वर्षं मी त्याला चमत्कार समजलो.
डेलीरामला हे अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात कौतिका शहारे आली,
अंगणवाडीच्या तांदळाची पावती घेऊन.
"बाई, तुमीच सांगा," होमराज म्हणाला, "तुमी तं वाचल्या."
"मी तेवढेच वाचले."
तेवढेच?
"आश्रमशाळेच्या कपाटात तेवढेच होते.
सुतळीनं बांधलेले, पुठ्ठे फाटलेले.
सहावीपासून दहावीपर्यंत तेच.
मले वाटे, टिटवी म्हणजे लोखंडाचं घर.
लोकं कुठून तरी येतात, उतरतात,
मंग पानी शोधतात. गोष्ट अशीच असते."

होमराजचा हात घंटीवर तसाच.
डेलीरामनं बनियनीला हात पुसले, घरी गेला,
आणि प्लास्टिकात गुंडाळलेला एकशे एकोणसत्तर घेऊन आला.
"हे घ्या. यात उडते."
तिनं पहिली ओळ वाचली. इंजिन गरजलं होतं.
मिटून परत दिला.
"उडू द्या तिले," म्हणाली.
"पन त्या दोराच्या अंकाचं शेवटचं पान नव्हतं.
गाठ बसली का?"

आम्ही डेलीरामकडं पाहिलं. तो अंक
त्यानं शिव्या घालत चुलीत टाकला होता,
हे साऱ्या गावाला ठाऊक.
तो खाली बसला. पोत्याची सुतळी सोडली.
"आधी पीळ उलटा देते," म्हणाला, "डाव्या हातानं, कारन
उजव्याले फोड आलेला असते. मंग असं..."
सुतळी निसटली.
"थांबा. असं नाही."

मिस्त्री आला, पट्टा बघून म्हणाला, दीड तास.
कोणी मान वर केली नाही.