डाव्या बाहीचं माप

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, सुकं लिंबू विकणाऱ्या इराण्याला लागून
माझं दुकान. रुंदी सात फूट. झोपायला वर माळा.
मापांची वही मराठीत.
पान एकोणीस, लुलवा जुमआ:
उंची छप्पन्न. छाती चाळीस. उजवी बाही बावीस.
डावी बाही चोवीस.

मला वाटलं, बाईचा हात लांब-आखूड असेल.
असतात माणसं अशी. कुणाचा खांदा उतरता,
कुणाची पाठ टेपलाही थाप मारते.
पुन्हा मोजलं. दोन्ही बावीस.
ती म्हणाली, चोवीस.
मी म्हटलं, मॅडम, चूक दिसेल.
ती म्हणाली, चूकच शिव.

त्या रमजानात, रोजा सुटल्यावर,
समोरच्या चहावाल्याच्या टीव्हीत ती आली
तीन जावयांची सासू होऊन.
धाकट्याचा चहा ओतताना डावी बाही पेल्यात बुडाली.
तिनं ती सावकाश पिळली,
परत त्याच पेल्यात,
आणि पेला पुढे सरकवला.

माझी अरबी तेव्हा बटण, काज, उद्या, पैसे, एवढीच.
इस्त्रीवाला कुंजुमोन, काजं करणारा सिल्हेटचा मोफिज
आणि मी, तिघं शब्दांवाचून हसलो.
मोफिजच्या डोळ्यांतलं पाणी मग थांबेना.
आई गेल्याची तार येऊन त्याला सहा दिवस झाले होते,
आणि तोवर तो नुसता काजंच करत बसला होता.
मी मात्र वेड्यासारखा पडद्याकडे बोट दाखवत होतो:
बाही माझी! ते दोन इंच माझे!

चौदा रमजान चालली ती मालिका.
आधी महिनाभर ती यायची. 'तिरंबाक!'
त्र्यंबक काही तिच्या जिभेवर बसला नाही.
दोन बोटं वर करायची, झालं.
ती बाही दारात अडकली, पंख्यात गेली,
हवालदाराची टोपी घेऊन निघाली,
थोरल्या जावयाच्या मिशीवरून फिरली.
लोक म्हणत, बाई तेच ते करते.
तेच ते म्हणजे काय, शिंप्याला विचारा.
एकाच रेषेवरून हजारदा सुई न्यायची
आणि टाका दिसू द्यायचा नाही.

नवरा गेला त्या वर्षी काळं कापड घेऊन आली.
मापं घेताना कुणीच बोललो नाही.
डाव्या मनगटाशी टेप थबकली,
मी वर बघितलं.
तिनं दोन बोटं दाखवली.

एकदाच, नाटकात, दोन्ही बाह्या बावीस.
मोत्यांसाठी बुडी मारून वर न आलेल्या पोराची आई.
ती आली तशी लोक सवयीनं हसले.
ती उभी राहिली. हसू दमेपर्यंत उभी राहिली.
मग सगळ्या थिएटरात एसीचा आवाज.
मी शेवटच्या रांगेत होतो, पण मला दिसलं:
डावा हात नसलेलं कापड शोधत होता,
सापडलं नाही तेव्हा मूठ मिटली.
पेपरात भाषेचं कौतुक आलं, आवाजाचं आलं.
मुठीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितोय.

परवा आली. सोबत नात, हातात काठी.
वही आता पाचवी.
उंची साडेत्रेपन्न. (अडीच इंच कुठे ठेवून आलात, मॅडम?
हे मी मनात. मराठीत.)
'तिरंबाक, आता कसली मालिका. दोन्ही सारख्या कर.'
मी लिहिलं: दोन्ही साडेएकवीस.
खडूनं आखलंही तसंच.
कात्रीनं ऐकलं नाही.

घालून बघितलं तिनं. आरशात हात खाली सोडला,
बाही बोटांच्या पुढे गेली.
नात म्हणाली, आजी, हे चुकलंय.
मी म्हटलं, हो, चुकलंय.
लुलवाबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं,
मग गल्ल्याजवळच्या माझ्या चहाकडे.

मी पेला पुढे सरकवला.