गट नंबर एकशे चौदा

मोजणी सकाळी आठला लावलेली.
साकुर्डीचं गायरान, किनवटच्या अलीकडं,
एक्क्याऐंशी एकर, पोटखराब धरून.
तिपाईवरच्या यंत्राचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत
पंच तंबाखू मळत उभे राहिले.
इथं उन्हाची वीज होणार आहे म्हणे,
ओळीनं काचा, भोवती तारेचं कुंपण.

नकाशात इथं काहीच नाही.
ओढ्याची एक तुटक रेघ, बाकी कागद.

खुणेचा दगड शोधत मी टेकाडामागं गेलो
आणि एक पाय खाली गेला.
कुसळी गवतानं झाकलेला खड्डा,
नऊ हात लांब, तीन हात रुंद, पुरुषभर खोल असावा पूर्वी.
विहीर म्हणावी तर पाण्याचा डाग नाही,
कबर म्हणावी तर इतका उंच माणूस कोण होता?
काठांवर समोरासमोर खाचा,
आडवं लाकूड टेकून टेकून गुळगुळीत झालेल्या.

"आराकसाचा हाय," सटवाजी म्हणाला.
त्याच्या शेळ्या आधीच आत उतरल्या होत्या.
"माझ्या आज्यानं बघितल्याला.
वर मदारसाब, खाली इरबा.
मधी सागाचा वंडका,
वंडक्यावर गेरूत बुडिवलेल्या दोरीचा फटकारा.
वरचा रेघ बघायचा.
खालचा नुसता वढायचा."

खालच्याला काय दिसायचं?

"भुसा."

मग तो स्वतःशीच हसला.
पाटीभर जोंधळ्यावरून त्या दोघांचं
तीन सालं बोलणं बंद होतं.
करवत चालू होती.
बोलायला लागतंय काय,
वढ आली की सोडायचं, सोडलं की वढायचं.
नांदेडच्या कुठल्या कुठल्या माड्यांना
त्या तीन सालांच्या फळ्या असतील,
एकही वाकडी नाही,
असं आज्या सांगायचा. आज्या थापाही मारायचा.

टेकाडावरून खाली
मुरमात गाडीची चाकोरी उतरलेली,
चवड्याएवढी खोल, ओढ्यापर्यंत, पुढं नाही.
वरच्या अंगाला साग:
सात खोडं गोल करून उभी, मधे कुणीच नाही.
थोरलं तोडलं, ते कुजलं, मुंग्यांनी नेलं,
ही सगळी त्याच्या बुडातून फुटलेली
आणि अजून त्याची जागा सोडून उभी.
एका बुंध्यावर जंगलखात्याच्या हातोडीचा शिक्का,
निजामीतला की नंतरचा, सांगता येत नाही.
सालीनं ओठ मिटत आणलेत.
सटवाजीनं त्यावर बोट ठेवलं
आणि काढलं, विस्तवावरून काढावं तसं.

हद्दीची रेघ नेमकी खड्ड्यातून जात होती.
आमच्या कचेरीत रेघ वळत नाही.
मी यंत्रापाशी उभा राहिलो,
हाताखालचा नवनाथ, महिन्यावरचा पोरगा,
आरशाची दांडी घेऊन आत उतरला.
मला दिसत होता आरसा आणि टोपीचं टोक.
त्याला दिसत असेल मुरूम, मुळं, शेळीच्या लेंड्या.

"साहेब, सरळ हाय का?"

खालून असा आवाज या खड्ड्यातून
किती सालांनी आला असेल.
मी भिंगातून बघत होतो. रेघ मला दिसत होती.
डावीकडं जरा, म्हणालो.
अजून जरा.
हां. धर तिथंच.

शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं असतं
विहीर, झाड, घर, पायवाट.
खड्ड्याला जागा नाही. मी लिहिलं,
"खड्डा, जुना, दोघांचा."
वरचे साहेब शेवटचा शब्द खोडतील.

नवनाथ वर आला डोळे चोळत.
भुसा नव्हता, साधी माती.
तरी मी आधी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं
आणि मग आकडा लिहिला.