खांब क्रमांक ११२

रात्री दोन वाजता माझी शिरगणती असते.
फोनवर वायफायची यादी ओढून खाली आणायची:
'सातपुते-२', 'फुकट मिळणार नाही',
'पासवर्ड बायकोला विचारा',
आणि तळाशी, दोन काड्यांवर, 'मढवी-खांब-११२'.
ऐरोलीच्या आमच्या सेक्टरात माणसं दिसायची बंद झाली,
पण नावं हवेत होती.
ज्याचं नाव दिसतं तो आहे,
इतकं सोपं विज्ञान.

दिवसा मी महाप्याच्या एका डेटा सेंटरची नाडी धरून बसतो,
खिडकीपाशी, खाली लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट.
तिथं चार हजार यंत्रं गारव्यात निजवलेली.
एकाला जरी ताप आला
तर मला सत्तावीस सेकंदांत कळतं.
आमच्या जिन्यात कोणाला आला
ते कळायचं सोसायटीच्या ग्रुपवर,
गुलाबाची शुभ सकाळ, काढ्याची कृती
आणि कचऱ्यावरचं भांडण, यांच्या मधे कुठंतरी.
खाली सगळे लिहायचे, काळजी घ्या.
कोणाकडून घ्यायची, ते कोणी लिहीत नसे.

हरिश्चंद्र मढवी खालच्या मजल्यावर,
मूळचे दिवा गावचे, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन.
मस्कतच्या नातवाचं तोंड बघायचं म्हणून राउटर बसवला.
मी दाराबाहेर उभा राहून सांगत होतो,
ते आत, दोन मास्क लावून, स्क्रू पिळत होते.
"वायर नाय, तर आवाज जातो कुनीकडून?"
हवेतून, काका.
"हवेतनं तर आजार बी येतो."
मी पदवीधर. मी गप्प.
नाव काय देऊ विचारलं, तर म्हणाले, खांब एकशे बारा.
त्याच्यावरून पडून पाय मोडला होता त्यांचा.
"पर पडायच्या आधी खाडी दिसली होती, पार तिकडपर्यंत."

एप्रिलात मी त्यांचा आकडा विचारायचो.
पंच्याण्णव. त्र्याण्णव.
मग नुसता अंगठा.
मग मस्कतहून मुलगा: "तुम्ही कॉम्प्युटरवाले, एक बेड बघा ना."
मी एक प्रोग्रॅम लिहिला, दर तीस सेकंदांनी
सगळ्या रुग्णालयांच्या याद्या चाळणारा.
चांगला लिहिला होता. एकही चूक नव्हती त्यात.
दर तीस सेकंदांनी तो बिनचूक सांगायचा, शून्य.
शेवटी वाशीला मिळाला, कोणाच्या तरी ओळखीनं,
आणि तिसऱ्या दिवशी ती बाई बोलली,
आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता
ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.
तिला कधीच धाप लागत नाही.

यादीत नाव होतंच.
कुलूपबंद घरात राउटर जागा.
जिन्यातून दूध घेऊन येताना माझा फोन
न विचारता त्याला जाऊन चिकटायचा.
'हे नेटवर्क विसरा' असं एक बटण असतं. असतं, एवढंच.
एका मंगळवारी वीज गेली, नाव गेलं.
सव्वाचारला परत आलं, आधी एका काडीवर, मग दोन,
आणि जगाला 'बंद करून चालू करा' सांगून पोट भरणारा मी
खोलीत एकट्यानंच टाळी वाजवली.

जूनमध्ये मुलानं किल्ली कुरिअर केली.
राउटर काढून टाका, उगाच बिल येतंय.
गेलो. धूळ, कॅलेंडर एप्रिलवरच.
राउटरच्या मागून तांब्याची एक तार निघाली होती,
कुठल्याच खोबणीत नाही,
नुसता स्क्रूला वेढा, वर लाइनमनची पक्की गाठ,
मग भिंतीनं, खिळ्याखिळ्यानं, सरळ छतापर्यंत.
मधे पांढरी चिकटपट्टी, निळी शाई:
'वरच्या पोराकडे'.
टोक सोलून, घासून, छताला टेकवलेलं,
बरोबर तिथं, जिथं वर माझी खुर्ची आहे.

राउटर काढला.
तारेला हात लावला नाही.
चालू लाइनला लावू नये, तेच सांगायचे.