गडीपार

हुकूम कन्नडमध्ये होता.
बसगौडाच्या थोरल्या पोरीनं, सावक्कानं, वाचून दाखवला,
उंबऱ्याबाहेर उभं राहून, चप्पल न काढता.
अवघड शब्दापाशी ती थांबायची
आणि मऊ करून मराठीत घालायची,
लहान पोराला भाकरी कुस्करून द्यावी तशी.
एकच शब्द तिला कुस्करता येईना.
गडीपारु.
"गडी म्हणजे शीव, लुमाण्णामामा," म्हणाली,
आणि कागदाची घडी चुकीच्या बाजूनं घातली.

आमच्यात गडी म्हणजे माणूस.
पार म्हणजे पिंपळाखालचा कट्टा,
जिथं तो माणूस दिवस मावळताना टेकतो,
तंबाखू मळतो, दुसऱ्याच्या बैलांना नावं ठेवतो.
आता गडी इकडं, पार तिकडं.
शब्द तेवढा सलग राहिला.

मी पाटी रंगवली होती, वेशीवरची.
गावाचं नाव, आमच्या अक्षरात. एवढंच.
वेलांटी जरा मोठी आली,
ते अजून खुपतं.

घर कर्नाटकात, रान महाराष्ट्रात.
आज्यानं बांध घातला तेव्हा तो नुसता बांध होता.
आता वर्षभर मी बांधाच्या अलीकडं.
रताळ्याचे वेल मात्र उतरलेत पलीकडं,
मुळं इथं, शेंडे तिथं,
ओढून आणले तरी
आठवड्यात पुन्हा तिकडंच.

तुळसा दुपारी डबा घेऊन येते, सहाशे पावलं.
नवी होती तेव्हासुद्धा
इतकी नीट विंचरून कधी रानात आली नव्हती.
"रात्री जेवलास काय?" विचारते.
मी विचारतो, पारावर माझ्या जागेला कोण बसतंय?
"कोण नाही."
मग भाकरी अर्धी झाल्यावर,
"शिदराय बसतोय."

रात्री शिनोळीत भाच्याच्या गाळ्यात झोपतो,
खताच्या पोत्यांशेजारी.
मोबाईल रेंज हुडकत परस्पर पलीकडं जातो
आणि उजेड पाडून सांगतो,
कर्नाटकात आपलं स्वागत.
एवढं कन्नड मला वाचता येतं.

त्या पोत्यांमुळंच असेल, मांजर आठवतंय.
दूध सांडते म्हणून मी एकीला पोत्यात घातलेलं,
सुतळीनं तोंड आवळून, सायकलला टांगून
ह्याच फाट्यावर आणून सोडलेलं.
ती पळाली नाही.
रिकाम्या पोत्यावर बसून बघत राहिली,
पायडल मीच मारलं, तेही जोरात.
चौथ्या दिवशी सकाळी
वैलाच्या उबेला निजलेली.
किती कुत्री चुकवली, ओढा कुठं ओलांडला,
कोण विचारणार?
तुळसानं वाटीत दूध घातलं,
रोजच्यापेक्षा जास्त,
आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अजून दोनशे अकरा दिवस.
आज बांधावर बसून पाय पलीकडं सोडले,
घोट्यापर्यंत.
तुळसा डबा घासत होती, मातीनं.
बघितलं तिनं. बोलली काही नाही.
बाटलीतलं राहिलेलं दूध
डब्याच्या झाकणात ओतलं
आणि माझ्यापुढं सरकवलं.