कानातला खडा

एकतीस वर्षं मी माशांची वयं मोजली.
कॉडच्या कवटीत, मेंदूखाली, दोन पांढरे खडे असतात,
वालाच्या दाण्याएवढे.
नखांत धरून मधोमध मोडायचा,
दिव्याखाली ठेवायचा:
रुंद फिकट कडं उन्हाळ्याचं,
बारीक काळसर हिवाळ्याचं.
मोजायचं. लिहायचं. पुढचा.

शेजारचा तोर्लाइफ विचारायचा,
"मेलेल्याचं वय विचारून काय मिळतं गं, ओद्वाइग?"
मासा त्याच्याच जाळ्यातला असायचा,
कॉफीही त्याच्याच किटलीतली.
उत्तर मी टाळायचे.

एका खड्यात मला अकरा कडी दिसली,
हाल्दिसला बारा.
दुपारभर भांडलो. ते एक कडं
होतं म्हटलं तर होतं, केसाएवढं,
जणू समुद्राने त्या साली हिवाळा सुरू केला
आणि मग विचार बदलला.
वहीत मी अकरा लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
माझ्या हातची तेवढीच निर्दोष नोंद असेल.

त्या रात्री झोप नाही. डोळे मिटून
मी त्या वर्षात उतरले:
काळं पाणी, वर कुठेतरी बोटीची धडधड,
आणि तो खडा, अंधारात ऐकणारा,
आवाजागणिक कणभर हलणारा.
हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही.
पण एवढं नसतं
तर मी नुसती कारकून होते.

मग या जानेवारीत, सूर्य परतायच्या आठवड्यात,
उठायला गेले
तर आन्देनेसमधलं माझं घर भोवऱ्यासारखं गरगरलं.
डॉक्टरीण जेमतेम तिशीची. म्हणाली,
"तुमच्या कानातले बारीक खडे जागचे सुटलेत."
मी पलंगाचा कठडा धरून हसायला लागले.
तिला वाटलं, मेंदूचंच काहीतरी.

तसं पाठ होतं मला:
चुना त्यांच्यातही, चुना आपल्यातही.
पण माहीत असणं वेगळं
आणि भिंत हातातून निसटणं वेगळं.

तिने माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं,
एकीकडे वळवलं, थांबली,
मग दुसरीकडे.
कसला सावध, उबदार हात.
एवढ्या हजारो खड्यांना मी कधी
असं धरलं होतं का?

आता कानाला खडा लावलाय:
"नक्की" हा शब्द जपून वापरायचा.
तोर्लाइफकडे रोज जाते, बर्फावरून, काठी टेकत.
परवा त्याने विचारलं,
"तुझ्यात किती कडी?"
"एकाहत्तर. बहुतेक."
"मोडल्याशिवाय कसं कळणार?" म्हणाला,
आणि दोघांच्या कपांत
काठोकाठ ओतली.